चांदणी चोरण्यापूर्वी विचारावे

यासुनोरी तेराउची यांनी आयुष्यात एकदाच माणसावर हातोडा चालवला, आणि तो नेमका इमारतीच्या अध्यक्षांवर चालवला.

मुद्दाम नव्हे. मुद्दाम काही करण्याचा तेराउचींचा स्वभावच नव्हता. त्यांचं लग्नसुद्धा दोन्हीकडच्या मामांनी परस्पर ठरवलं होतं. झालं ते असं. गेल्या डिसेंबरात हिगाशियामा हाइट्सच्या अंगणात रिवाजाप्रमाणे भात कुटण्याचा कार्यक्रम होता. वाफवलेला चिकट भात उखळात घालायचा, एकाने लांब दांड्याचा लाकडी हातोडा हाणायचा आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मधल्या वेळात ओल्या हाताने गोळा उलटवायचा. हाणायला तेराउची होते, कारण ते सांस्कृतिक प्रमुख होते. उलटवायला अध्यक्ष कुरोसु होते, कारण ते अध्यक्ष होते. सतरा घाव अगदी दृष्ट लागण्याजोगे पडले. अठरावा कुरोसुंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर पडला.

आता बोटं कोणाचीही असोत, दुखायची ती दुखतातच. पण कुरोसुंची बोटं म्हणजे इमारतीची शान होती. नवीन वर्षाची एकशे चाळीस कार्डं ते दरवर्षी स्वतःच्या हाताने, कुंचल्याने, अशा अक्षरात लिहीत की लोक ती फ्रेम करून लावत. त्या वर्षी बोटं सहा आठवडे प्लास्टरात होती. लोकांना कुरोसुंची छापील कार्डं आली, आणि त्यावर एका हसऱ्या सशाचं चित्र होतं. तेराउचींनी ते कार्ड तीन वेळा वाचलं. ससा आपल्याकडेच बघून हसतोय असं त्यांना वाटलं.

अर्थात चूक झाली तर माफी कशी मागायची हे तेराउचींना कोणी शिकवायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी काळा सूट घालून, स्टेशनजवळच्या जुन्या दुकानातून लाल चवळीच्या मिठाईचा सर्वांत वजनदार डबा घेऊन ते दुसऱ्या मजल्यावर गेले आणि दारातच कमरेत असे वाकले की परत सरळ होताना पाठीत कळ आली. कुरोसुंनी डबा घेतला. संध्याकाळी तो तेराउचींच्या दाराच्या मुठीला, होता तसा, गाठसुद्धा न सोडलेला, लटकत होता. वर चिठ्ठी होती: ‘आपण काळजी करू नये.’

तेराउची विमा कंपनीत होते. पॉलिसीच्या पाठीमागे बारीक अक्षरात जे छापलेलं असतं आणि जे या भूतलावर कोणी वाचत नाही, ते लिहिणं हे त्यांचं काम. एका वाक्यातून सात अर्थ काढण्याची बावीस वर्षांची सवय. ‘आपण काळजी करू नये’ या वाक्यातून त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा अर्थ काढले आणि त्यातला एकही बरा नव्हता.

“अहो, सरळ लिहिलंय ना, काळजी करू नका म्हणून?” त्यांची बायको मित्सुयो म्हणाली.

“मग डबा का परत केला?”

“मधुमेह असेल.”

“मधुमेहवाला माणूस डबा ठेवून घेतो आणि पाहुण्यांना देतो. डबा परत येणं म्हणजे माफी परत येणं. आपली माफी नामंजूर झालीय, मित्सुयो.”

त्या दिवसापासून वर्षभर कुरोसु लिफ्टमध्ये भेटले की तेराउची “नमस्कार, आज जरा गारवा आहे” असं म्हणत, आणि कुरोसु “हं” म्हणत. बस. हिवाळ्यात हं, पावसाळ्यात हं, भूकंपाचा धक्का बसून दोघं दहा मिनिटं लिफ्टमध्ये अडकले तेव्हाही हं. तेराउचींना दुसरं काही नको होतं. बढती नको, बक्षीस नको. कुरोसुंच्या तोंडून आपल्यासाठी एक पूर्ण वाक्य निघावं, ज्यात कर्ता आणि क्रियापद असेल, एवढीच त्यांची इच्छा होती.

सांस्कृतिक प्रमुखपद पाळीने येतं आणि दोन वर्षं राहतं. राजीनाम्याची सोय आहे का, हे तेराउचींनी इमारतीच्या नियमावलीत शोधून पाहिलं. सोय नव्हती, आणि नियम इतका पक्का लिहिलेला होता की व्यवसायबंधू म्हणून त्यांना मनातून कौतुकच वाटलं. तेव्हा दुसऱ्या वर्षीही डिसेंबरचा कार्यक्रम त्यांच्याच गळ्यात आला. त्यांची अट एकच होती. कोणाच्याही हातात काही जड वस्तू द्यायची नाही.

उपाय सुचवला मोरिवाकी आजींनी. वय शहात्तर, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत आणि सगळ्या इमारतीला अरेतुरे करत. बाटल्यांचा कचरा टाकायच्या दिवशी त्यांनी तेराउचींना गाठलं.

“अरे तेराउची, टीव्हीवरचा गेम ठेव. चांदण्यांचं बेट. मी साप्पोरोच्या नातींबरोबर रोज खेळते.”

“टीव्हीवर? आजी, लोकांना झेपेल का?”

“न झेपायला काय आहे? चल, लिफ्टमध्ये सांगते.”

लिफ्ट तीन वेळा वर गेली आणि तीन वेळा खाली आली तेवढ्यात नियम सांगून झाले. चार जण खेळतात. पडद्यावर एक बेट असतं, त्यावर घरांची वाट. फासा टाकायचा, तेवढी घरं चालायचं. निळ्या घरात पडलात तर तीन नाणी मिळतात, लाल घरात पडलात तर तीन जातात. वीस नाणी झाली की चांदणीवाल्याकडून चांदणी विकत घ्यायची. सगळ्यांचा एकेक फासा टाकून झाला की मधेच एक छोटी शर्यत किंवा मारामारी होते, ती जिंकणाऱ्याला आणखी नाणी. अशा दहा फेऱ्या. ज्याच्याकडे जास्त चांदण्या, तो जिंकला.

“आणि भुताचं घर असतं,” आजींचे डोळे चमकले. “त्यात पडलं की भूत विचारतं, कोणाची चांदणी चोरून आणू? मी नेहमी धाकटीची चोरते. ती रडते.”

“आठ वर्षांच्या नातीची?”

“तिची चोरायला सगळ्यात सोपी. आणि शेवटी तीन चांदण्या फुकट वाटतात. सगळ्यात जास्त चालला त्याला एक, शर्यती जिंकला त्याला एक, आणि सगळ्यात जास्त वेळा लाल घरात पडला त्याला एक.”

“म्हणजे ज्याचं नशीब फुटकं, त्यालासुद्धा?”

“त्यालासुद्धा. तुला बरं पडेल बघ.”

तेराउचींनी हा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवला. फासा म्हटल्याबरोबर चौथ्या मजल्यावरच्या त्सुकुईबाईंनी पेन खाली ठेवलं. त्सुकुईबाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांच्या पेन खाली ठेवण्याने तीस वर्षं वर्ग शांत होत आला होता.

“फासा आणि नाणी,” त्या म्हणाल्या. “याला आपल्याकडे जुगार म्हणतात, तेराउचीसाहेब.”

“नाणी खोटी असतात, बाई. पडद्यावरची.”

“सुरुवात पडद्यावरूनच होते.”

तासभर चर्चा होऊन असं ठरलं, की गेममधल्या नाण्यांना नाणी म्हणायचं नाही, बिया म्हणायचं. हे मशीनला कोण सांगणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. खरं म्हणजे तेराउचींच्या मनात आला होता, पण अध्यक्ष कुरोसु समोर बसले होते आणि प्रस्तावावर “हं” म्हणाले होते. वर्षभरात तेराउचींनी मांडलेल्या एखाद्या गोष्टीवर हा त्यांचा पहिला होकार. तो धोक्यात घालायला तेराउची तयार नव्हते.

मग त्यांनी नियमपुस्तिका लिहायला घेतली, आणि इथे त्यांच्यातला विमेवाला जागा झाला. पहिल्या कलमात ‘फासा’ या शब्दाची व्याख्या, दुसऱ्यात ‘घर’ म्हणजे राहतं घर नव्हे असा खुलासा, सातव्यात खेळाडूला खेळताना शिंक आल्यास काय. चौदा पानं झाली. मित्सुयोने पहिलं पान वाचलं आणि ती न बोलता भाजी चिरायला निघून गेली. तेराउचींनी पुस्तिका फिरत्या सूचनापाटीला अडकवली आणि शेजारच्या दाराशी ठेवली.

ही फिरती सूचनापाटी म्हणजे आमच्या इमारतींचा प्राण. एका घराने वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घराकडे द्यायची. पाणी बंद राहणार असो की कोणाची मांजर हरवलेली असो, अठ्ठेचाळीस शिक्के पडल्याशिवाय इमारतीत काही घडलं असं धरत नाहीत. आजवर लोक न वाचताच शिक्के मारत आले होते. पण तेराउचींनी पुस्तिकेच्या शेवटी, निव्वळ सौजन्य म्हणून, एक रिकामं पान जोडलं होतं आणि वर लिहिलं होतं: ‘सूचना असल्यास कळवाव्यात.’ बावीस वर्षांत ते जे लिहीत आले ते कोणी वाचलं नव्हतं. त्या माणसाने रिकामं पान सोडायला नको होतं.

पाटी तीन आठवड्यांनी परत आली, तेव्हा रिकाम्या पानाला आणखी नऊ पानं डकवलेली होती. हरणाऱ्यांची नावं जाहीर करू नयेत. शर्यतीत साठीवरील व्यक्तीला आधी धावू द्यावं. मारामारीच्या वेळी एकमेकांना ‘माफ करा’ म्हणावं. खेळातल्या उड्यांचा आवाज पाचव्या मजल्यावर येऊ नये. एकाने सायकलींच्या जागेबद्दलचं गेल्या चार वर्षांचं गाऱ्हाणं सविस्तर लिहिलं होतं. तेही तेराउचींनी कलम तेहतीस म्हणून घालून घेतलं, कारण सूचना नाकारायचा नियम त्यांनी केलाच नव्हता.

शेवटच्या पानावर मात्र एकच ओळ होती, कुंचल्याने लिहिलेली.

‘चांदणी चोरण्यापूर्वी विचारावे.’

खाली कुरोसुंचा शिक्का होता. तेराउची ती ओळ बराच वेळ बघत राहिले. अक्षर सुरेखच होतं, पण शेवटचा फटकारा पूर्वी तलवारीसारखा सरळ जायचा, तो आता टोकाला किंचित वळला होता. दोन बोटांचा तो वाक होता. त्यांनी ती ओळ कलम एक म्हणून सगळ्यात वर घातली आणि ठरवलं की काही झालं तरी यंदा कुरोसुसाहेबांना जिंकवायचं.

आता फक्त सभागृहाचा अर्ज उरला होता. तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत राखणदार इकाराशी बसत. त्यांनी चष्मा लावून अर्ज पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात तीनच चौकटी होत्या: सभा, फुलांची सजावट, अंत्यविधी.

“यातलं काहीच नाही,” तेराउची म्हणाले. “टीव्हीवरचा खेळ आहे.”

“खेळ चौकटीत नाही, साहेब.”

“मग नवी चौकट करा.”

“त्यासाठी सर्वसाधारण सभा. ती एप्रिलात.”

“मग सभा म्हणून लिहा.”

“सभा दोन तासांची. पुढे हीटर बंद.” इकाराशींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “माझं ऐका. अंत्यविधी करा. दिवसभर हॉल, हीटर चालू, चाळीस गाद्या, चहाची किटली आपली. चौकट म्हणजे काय, आतल्या फाइलीत राहते. बघतंय कोण?”

तेराउचींनी चौकटीत खूण केली. नियम मोडला नव्हता, वाकवला होता, आणि तोही राखणदाराच्या सल्ल्याने. पण इकाराशी हा कामात चोख माणूस. कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी आठ वाजता त्यांनी अर्ज पाहिला आणि रीतीप्रमाणे फाटकावरच्या काळ्या पाटीवर खडूने ठसठशीत लिहिलं: ‘आज सभागृहात. तेराउची परिवार. अंत्यविधी.’

तेराउची मागच्या जिन्याने हॉलमध्ये गेले होते. आत पांढऱ्या शेवंतीच्या दोन मोठ्या कुंड्या होत्या. अंत्यविधीच्या बुकिंगमध्ये त्या येतातच. जिथे एरवी मृताचा फोटो ठेवतात, तिथे त्यांनी टीव्ही ठेवला आणि तारा जोडत बसले. फुलं बरी दिसतायत, असंही त्यांना वाटलं.

साडेनऊला मित्सुयो दाराशी लोकांचं स्वागत करायला उभी राहिली. पहिल्या आल्या त्सुकुईबाई, नखशिखांत काळ्या वेषात, हातात रुमाल.

“मित्सुयो,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “हे अचानक कसं गं झालं?”

“अचानक कुठलं, बाई? महिनाभर दिवसरात्र हेच चाललं होतं. जेवणावर लक्ष नाही, झोप नाही. आता एकदाचं उरकलं की मी सुटले.”

त्सुकुईबाईंनी एक पाऊल मागे घेतलं. शोकाने माणूस काहीही बोलतो हे त्यांना ठाऊक होतं, पण इतकं मोकळेपणाने बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

“आत आहेत ना... ते?”

“आतच आहेत. पहाटेपासून. जरा डोकावून या, तुम्हाला बघून बरं वाटेल त्यांना.”

त्सुकुईबाई आत डोकावल्या. टीव्हीमागून, तारांच्या गुंत्यातून तेराउचींचं डोकं वर आलं आणि म्हणालं, “या बाई, आज जरा गारवा आहे.” पुढे दोन मिनिटं त्यांना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं.

झाला प्रकार कळेपर्यंत हॉलमध्ये तीसएक माणसं काळ्या कपड्यांत जमली होती. कोणी हळहळत होतं, कोणी हळहळ आवरती घेत होतं. एका गृहस्थांनी तेराउचींचा हात हातात घेऊन “तुम्ही फार चांगले होतात हो” असं म्हटलं आणि त्यांना वाक्य मधे सोडता येईना. मित्सुयो दारात उभी राहून सांत्वनाची, आत पैसे घातलेली पाकिटं एकेकाला कमरेत वाकून परत करत होती. इकाराशी तेवढे खूश होते. अंत्यविधीला सहसा इतकी माणसं येत नाहीत, असं ते म्हणाले.

आणि मग कुरोसु आले. काळा सूट, काळा टाय, चेहरा राखेसारखा. बूट काढताना त्यांचा हात भिंतीला टेकला. सरळ शेवंतीच्या कुंड्यांपर्यंत येऊन त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ काही पुटपुटले. डोळे उघडले तेव्हा समोर चहाचा पेला घेऊन तेराउची उभे होते.

कुरोसुंनी तेराउचींकडे पाहिलं. पेल्याकडे पाहिलं. पुन्हा तेराउचींकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“क्षमा असावी, साहेब,” तेराउची कमरेत वाकत म्हणाले, “मी... म्हणजे, झालो नाही. अर्जात चौकट नव्हती.”

“हं,” कुरोसु म्हणाले. पण हे हं नेहमीचं नव्हतं. ते फार लांब होतं आणि शेवटी जरा फाटलं. वर्षभरात गोळा केलेल्या सगळ्या हंमध्ये तेराउचींना त्याची जोडी सापडेना.

कार्यक्रम रद्द करावा असं तेराउचींच्या मनात आलं होतं, पण मोरिवाकी आजी लाल स्वेटर घालून आल्या. फाटकावरची पाटी वाचण्याची सवय त्यांना नव्हती. “काय रे, सगळे कोणी मेल्यासारखे बसलात? चालू कर!” पहिल्या गटात अध्यक्ष, आजी आणि त्सुकुईबाई होत्या. चौथ्या गृहस्थांना धक्का सहन न होऊन ते घरी जाऊन आडवे झाले होते, म्हणून त्यांच्या जागी तेराउची बसले.

मशीन चालू झालं. पडद्यावर बेट उगवलं, ढोल वाजले. मागे काळ्या कपड्यांतली माणसं मांडी ठोकून गंभीरपणे बघत होती. कुरोसुंचा फासा पडला, ते निळ्या घरात गेले आणि मशीन आनंदाने किंचाळलं, “तीन नाणी!”

“बिया,” त्सुकुईबाई म्हणाल्या.

“नाणी! नाणी!” मशीन म्हणालं.

दोन फेऱ्यांनंतर त्सुकुईबाईंनी नाद सोडला आणि नाणी म्हटलं की नुसतं खोकायला लागल्या. पुढे त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त नाणी झाली, तेव्हा खोकला आपोआप बरा झाला.

पहिली मारामारी आली. चौघं एका तरंगत्या फळीवर, जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. तेराउचींनी ठरवल्याप्रमाणे अध्यक्षांना जिंकू द्यायला ताबडतोब समुद्रात उडी घेतली. दुर्दैवाने त्याच क्षणी अध्यक्षांसमोर टिकणं बरं दिसणार नाही म्हणून त्सुकुईबाईंनी उडी घेतली, आणि बाईमाणसाला आधी बुडू देणं बरं नाही म्हणून कुरोसुंनीही. फळीवर मोरिवाकी आजी एकट्या उरल्या.

“हे काय खेळणं झालं?” आजी ओरडल्या. “ढकला की मला!”

“माफ करा,” तिघं म्हणाले. कलम अठराप्रमाणे तसं म्हणणं भागच होतं.

तिसऱ्या फेरीत त्सुकुईबाई भुताच्या घरात पडल्या. पडद्यावर भूत आलं, शेवंतीच्या दोन कुंड्यांमध्ये उभं राहिलं आणि कोणाची चांदणी आणू म्हणून विचारू लागलं. मागच्या रांगेत दोघांनी चटकन हात जोडले. चांदणी तोवर आजींकडेच एक होती.

“मोरिवाकीकाकू,” त्सुकुईबाई कलम एकप्रमाणे विचारत्या झाल्या, “आपली हरकत नसेल तर मी आपली चांदणी...”

“हरकत आहे.”

असं विचारल्यावर नाही म्हणतात हे इमारतीत कोणी पाहिलेलं नव्हतं. त्सुकुईबाईंनी घाईघाईने भुताला परत पाठवलं आणि भूत चांदणीऐवजी देतं ती नाणी घेतली. एका तासात तीन फेऱ्या झाल्या होत्या. साठीवरील व्यक्तीला आधी धावू द्यायच्या नियमामुळे तेराउचींनी एकही शर्यत सुरू केलेली नव्हती. इतर तिघं साठीवरचे होते. वर ते तिन्ही फेऱ्यांत लाल घरात पडले. आजींनी दर वेळी “वा!” म्हटलं.

दुपारचे डबे खाऊन झाले, हीटर चालूच होता, माणसं हळूहळू कोट काढून बसली. कुरोसुंनी सातव्या फेरीत एक चांदणी विकत घेतली आणि नकळत त्यांची मूठ हवेत गेली. ती त्यांनी लगेच खाली घेतली, पण तेराउचींनी पाहिली. बरी झालेली बोटं मुठीत नीट मिटत होती. तेराउचींना इतकं बरं वाटलं की ते पुढच्या फेरीत एकंदर सहाव्यांदा लाल घरात गेले तरी हसले.

दहावी, शेवटची फेरी. आजींकडे तीन चांदण्या, कुरोसुंकडे एक, त्सुकुईबाईंकडे नुसतीच नाणी, तेराउचींकडे काहीच नाही. तेराउचींनी फासा टाकला. चार. एक, दोन, तीन घरं गेली आणि चौथं घर भुताचं निघालं.

भुताने विचारलं, कोणाची आणू?

“आजींची,” तेराउची पुटपुटले आणि त्यांनी बटण दाबलं. पण घाम आलेला अंगठा घसरला आणि पडद्यावरचा बाण कुरोसुंच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला. आता फक्त ‘हो’ म्हणायचं बाकी होतं. मागे घ्यायचं बटण कुठलं, ते चौदा पानांत कुठेही नव्हतं.

तेराउचींच्या डोळ्यांसमोर हातोडा उभा राहिला. पुन्हा आपणच, पुन्हा हाच माणूस, पुन्हा सगळ्यांदेखत. ते गादीवरून उतरून गुडघ्यांवर बसले.

“साहेब,” त्यांचा आवाज बारीक झाला, “कलम एक. विचारतो. आपली चांदणी... चोरू का?”

भूत पडद्यावर वरखाली होत राहिलं. मग कुरोसुंनी हातातलं बटणांचं यंत्र खाली ठेवलं आणि आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. पांढरं, कुंचल्याने नाव लिहिलेलं.

“हे मी आज सकाळी लिहिलं,” ते म्हणाले. “पाटी वाचल्यावर. तुमच्या शवपेटीत ठेवायला. जिवंतपणी द्यायला धीर झाला नसता.”

मागच्या रांगा गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

“उलटवणाऱ्याने हाक द्यायची असते, तेराउची. उलटवून हात काढला की ‘हां’ म्हणायचं, मग हाणणाऱ्याने हाणायचं. सतरा वेळा मी हाक दिली. अठराव्या वेळी मी इकाराशींना खुर्च्या कुठे मांडायच्या ते सांगत होतो. माझा हात आत होता आणि ‘हां’ मी त्यांना म्हणालो.” कुरोसुंनी घसा साफ केला. “तुमचा काही दोष नव्हता. माझा होता. तुमचा डबा मी कोणत्या तोंडाने ठेवून घेणार? आणि हे सांगायचं म्हटलं की लिफ्ट तळमजल्यावर पोचायची. वर्षभर पोचत राहिली.”

तेराउचींनी मनात मोजलं. चौदा वाक्यं. बहुतेकांत कर्ता आणि क्रियापद. आणि मग त्यांना मोजता येईना, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

“साहेब, नाही, मीच बघून हाणायला हवं होतं...”

“नाही, हाक माझी होती. चांदणी न्या.”

“छे छे, मी कशी नेऊ?”

“न्या म्हणतो ना.”

“नाही साहेब, आता तर मुळीच...”

“अरे, तुम्ही दोघं रडत बसा पाहिजे तर, पण खेळ आटपा!” मोरिवाकी आजींनी हात लांबवला आणि तेराउचींच्या यंत्रावरचं बटण दाबलं. भूत गेलं आणि कुरोसुंची चांदणी आणून तेराउचींच्या डोक्यावर ठेवून आलं. तीसएक काळे कपडे घातलेली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. पाचव्या मजल्यावरच्यांनी तर पायही आपटले.

पाठोपाठ आजींचा फासा पडला. त्याही भुताच्या घरात गेल्या आणि कोणालाही न विचारता तेराउचींची चांदणी घेऊन गेल्या. शेवटी मशीनने तीन चांदण्या फुकट वाटल्या. चालण्याची आणि शर्यतींची आजींना मिळाली. सगळ्यांत जास्त वेळा लाल घरात पडल्याबद्दल तेराउचींना एक मिळाली, तेव्हा मशीनने इतके ढोल वाजवले की राखणदार इकाराशी धावत आत आले.

चांदणी गेलेली, नाणीही त्सुकुईबाईंपेक्षा कमी, तेव्हा कुरोसु शेवटचे आले. हरणाऱ्यांची नावं जाहीर करू नयेत या कलमाप्रमाणे सगळ्यांनी ते पाहिलं नाही असं केलं.

सोमवारी सकाळी तेराउचींनी काळा सूट घातला, स्टेशनजवळच्या दुकानातून लाल चवळीच्या मिठाईचा वजनदार डबा घेतला आणि दुसऱ्या मजल्यावर घंटी वाजवली. चांदणी दीड मिनिट का होईना, आपल्याकडे होती. कुरोसुंनी दार उघडलं. त्यांच्याही हातात त्याच दुकानाचा डबा होता, फक्त एक आकार मोठा. दोघं एकाच वेळी वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं.

या वेळी डबा परत आला नाही. दुपारी मित्सुयोने तेराउचींचा डबा कुरोसुंच्या खिडकीत उघडा पाहिला, आणि त्यातल्या दोन वड्या कमी होत्या.

संध्याकाळी दोघं लिफ्टमध्ये भेटले.

“नमस्कार,” तेराउची म्हणाले. “आज जरा गारवा आहे.”

“आहे खरा,” कुरोसु म्हणाले. लिफ्ट तळमजल्यावर पोचली. दार उघडल्यावर त्यांनी ते हाताने अडवून धरलं. “तेराउची, पुढच्या डिसेंबरात उखळ बाहेर काढू. उलटवायला मी बसेन. हातोडा तुम्हीच धरायचा.”

तेराउचींनी त्या दोन बोटांकडे पाहिलं. दारावर टेकलेली होती, जरा वाकडी.

“साहेब,” ते म्हणाले, “हाणण्यापूर्वी विचारीन.”

“हं,” कुरोसु म्हणाले आणि हसले.